सेकंडहँड सुपर्ब डिझेल की ३२०डी? खान्देशातल्या माणसाने कसं ठरवायचं

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर साइडला हल्ली हा विषय बराच निघतो. नवीन छोटी एसयूव्ही घ्यायची तर बारा-पंधरा लाख जातातच, मग तेवढ्याच पैशात मोठी डिझेल सेडान सेकंडहँड का नको? आणि मग दोन नावं समोर येतात, एक स्कोडा सुपर्ब २.० टीडीआय आणि दुसरी बीएमडब्ल्यू ३२०डी. केळीचा किंवा कापसाचा पैसा आला, मुलीचं लग्न उरकलं, मुलगा पुण्याहून फोटो पाठवतो, पप्पा ही बघा, ती बघा, आणि घरात दोन पार्ट्या पडतात.

कोणती गाडी भारी ते मी सांगणार नाहीये, कारण नवीन असताना दोन्ही भारीच होत्या. सेकंडहँडमधे मॉडेलला मॉडेल भिडवून काही हाती लागत नाही, समोर उभा असलेला नग बघायचा असतो. नीट सांभाळलेली सुपर्ब ही वाट लावलेल्या ३२०डी पेक्षा चांगली, आणि उलटं पण तितकंच खरं. तरी दोघींचा स्वभाव आधी माहीत पाहिजे, म्हणजे कुठं काय तपासायचं ते कळतं.

समजा तुमच्यापुढं दोन गाड्या आहेत. एक २०१७ ची सुपर्ब, पुण्याची, एमएच १२ पासिंग, १ लाख १० हजार किमी चाललेली. दुसरी २०१४ ची ३२०डी, दिल्लीहून आलेली, मीटरवर ६२ हजार. किंमत जवळपास सारखी. दहातले आठ जण ३२०डी कडे बघतील, कमी चाललीये आणि बीएमडब्ल्यू आहे म्हणून. हेच उदाहरण पुढं नेतो.

आधी कागदावरचा फरक पटकन. ही सुपर्ब म्हणजे फेब्रुवारी २०१६ मधे आपल्याकडे आलेला शेप, पॉवर १७७ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ३५० एनएम, पुढची चाकं ओढतात, सहा स्पीडचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, आणि डिकी ६२५ लिटरची, म्हणजे लग्नाच्या बॅगा, पाण्याचा जार, वरून आजीची वळकटी सगळं मावतं. मागे बसणाऱ्याला पाय लांब करता येतात. ३२०डी २०१२ मधे आलेल्या शेपची, २०१४ च्या गाडीत १८४ एचपी आणि ३८० एनएम, मागची चाकं ढकलतात, आठ स्पीडचा झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डिकी ४८० लिटर. चालवणाऱ्यासाठी ३२०डी, मागे बसणाऱ्यासाठी सुपर्ब, एवढ्यात हा विषय संपतो. तुम्ही स्वतः चालवता की ड्रायव्हर ठेवलाय त्यावर ठरवा.

आता खरा मुद्दा. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ३२०डी नवीन होती तेव्हा पस्तीस-चाळीस लाखाची होती, आज तुम्हाला ती बारा लाखात मिळते, पण तिचा इंजेक्टर, टर्बो, हेडलाइट, सस्पेंशनचे आर्म हे सगळं अजून चाळीस लाखाच्या गाडीच्याच भावात येतं. सुपर्बचं पण तसंच, फक्त ती मुळात तिच्यापेक्षा दहा-एक लाखानं स्वस्त होती. म्हणून बजेट बारा लाख असेल तर बाराची गाडी घेऊच नका. साडेदहाची घ्या आणि दीड लाख बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक पॅड यातच त्यातले बरेच उडतात, आणि नाही उडाले तर दिवाळीला आनंदच आहे.

आता डिझेल इंजिन म्हणजे नेमकं काय विकत घेतोय ते समजून घेऊ, कारण महाग बिघाड सगळे इथंच असतात. जुन्या जीपसारखं हे डिझेल नाही. यात पंप डिझेलला भयानक दाबाखाली एका कॉमन पाइपमधे भरून ठेवतो, दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि इंजेक्टर कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर एका स्ट्रोकमधे अनेकदा थोडं थोडं डिझेल फवारतात. म्हणून इंजिन गुळगुळीत चालतं. पण म्हणूनच डिझेलमधे पाणी किंवा कचरा असेल तर पंप आणि इंजेक्टर दोघंही जातात. आधीच्या मालकाने कुठून डिझेल भरलं ते आपल्याला कधीच कळणार नाही, पण फ्युएल फिल्टर वेळेवर बदलला का ते बिलावरून कळतं. इंजेक्टर किती डिझेल परत सोडतात याची एक टेस्ट असते, मेकॅनिक त्याला लीक-ऑफ किंवा रिटर्न टेस्ट म्हणतात. चारही नळ्यांत साधारण सारखं डिझेल जमायला पाहिजे. एकात जास्त आलं तर तो इंजेक्टर थकलेला आहे, आणि भाव पाडायला तुमच्या हातात मुद्दा आला.

मग येतो ईजीआर. सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर परत इंजिनमधे फिरवायचा, म्हणजे आतलं तापमान कमी राहतं आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. कल्पना चांगली, पण त्या धुरातली काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र येऊन आत डांबरासारखी चिकटते. गाडी दबते, पिकअप जातो, कधी चेक इंजिन लाइट येते. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत अजून एक, डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरमधून कूलंट गळून आग लागू शकते म्हणून कंपनीने २०१८ मधे जगभरात लाखो गाड्यांचा रिकॉल काढला होता. समोरच्या गाडीला तो लागू आहे का आणि काम झालंय का हे चॅसी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधे विचारा. आणि २०१६ च्या आधीची, जुन्या शेपची सुपर्ब कोणी दाखवत असेल तर लक्षात ठेवा, तिच्यातलं डिझेल इंजिन ते फोक्सवॅगन ग्रुपच्या २०१५ च्या घोटाळ्यातलं, ज्यात सॉफ्टवेअरने धुराची टेस्ट फसवली होती. भारतात त्या ग्रुपच्या साधारण सव्वातीन लाख गाड्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी बोलवल्या होत्या. अपडेट झालं की नाही तेही रेकॉर्डवर असतं.

डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत तो असतोच, त्याच्या आधीच्या बीएस४ मधे काहींत असतो काहींत नसतो, म्हणून समोरच्या गाडीत आहे का ते अंदाजाने नको, चॅसी नंबरवरूनच विचारा. हा फिल्टर भरला की गाडी स्वतःच सुमारे ६०० डिग्रीपर्यंत तापवून आतली काजळी जाळते, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला पाहिजे. आता ज्याचं रोजचं चालणं घरापासून दुकान आणि दुकानापासून घर, तीन-चार किमी, तेही गर्दीतून, त्याच्या गाडीत ही साफसफाई दर वेळी अर्धवट राहते. साफसफाईसाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल काही गाड्यांत खाली इंजिन ऑइलमधे उतरतं, ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग झिजतात.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो, तुमचं रनिंग काय आहे? जळगाव-भुसावळ रोज येणं-जाणं असेल, महिन्यातून दोनदा नाशिक किंवा सुरत असेल, तर डिझेल तुमच्यासाठी आहे. गाडी आठवडाभर पोर्चमधे आणि रविवारी फक्त देवदर्शनाला निघणार असेल तर दोन्ही डिझेल सोडा आणि पेट्रोल बघा. पैसे वाचतील, डोकं पण शांत राहील.

आता टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा बेल्ट किंवा चेन. सुपर्बच्या या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो किलोमीटरवर आणि वयावर बदलायचा असतो, मॅन्युअलमधला आकडा बघा, आणि बदलताना वॉटर पंप सोबतच बदलतात कारण तो त्याच बेल्टवर फिरतो. आपल्या उदाहरणातल्या सुपर्बचा बेल्ट झालाय का? बिल दाखवा म्हणायचं. तोंडी "झालंय ना भाऊ" याला किंमत शून्य, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि अख्खं इंजिन उघडतं. ३२०डी मधे बेल्टच्या जागी चेन आहे, लोक म्हणतात चेन म्हणजे लाइफटाइम, पण या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलीये, आणि बदलायची वेळ आली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. या फॅमिलीतल्या २०११ च्या आधीच्या इंजिनांची चेन जास्त बदनाम होती, नंतर सुधारणा झाली, तरी सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मागच्या बाजूने, केबिनच्या भिंतीजवळून घासल्यासारखा खरखर आवाज येतो का ते कान देऊन ऐका.

यावरून पहिला नियम, गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. विकणाऱ्याला आधीच सांगायचं की मी आल्याशिवाय चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट उघडून हात लावा, गरम असेल तर म्हणा चहा पिऊ, तासा-दोन तासाने बघू. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री असतं त्यामुळे तेव्हा बघायचं तर सकाळी सहाला जा. थंड इंजिन किती वेळ फिरून चालू होतं, निळा किंवा पांढरा धूर किती वेळ राहतो, इंजिन थरथरतं का, हे सगळं पहिल्या तीस सेकंदात कळतं.

उन्हाळ्याचा आपल्याला फायदा पण आहे हां. दुपारी एक वाजता गाडी उन्हात उभी करून एसी फुल, इंजिन चालू, वीस मिनिटं तशीच ठेवा. तापमानाचा काटा हलतो का, रेडिएटर फॅन जोरात फिरतो का, एसी मधेच गरम हवा फेकतो का. ३२०डी मधे नुसता काटा बघून भागत नाही, कारण डॅशवर कूलंटचं तापमान दिसतच नाही, स्कॅनर लावून बघावं लागतं. पुण्या-मुंबईच्या हवेत वर्षानुवर्षं लपलेला कूलिंगचा आजार जळगावच्या मे महिन्यात बाहेर येतो, आणि तेव्हा गाडी आपली झालेली असते.

गिअरबॉक्सवर थोडं थांबू, कारण डीएसजी म्हटलं की लोक घाबरतात. बदनाम झाला तो मुख्यतः सात स्पीडचा, कोरड्या क्लचचा डीएसजी. सुपर्ब डिझेलमधला सहा स्पीडचा आहे, त्याचे क्लच ऑइलमधे बुडालेले असतात, तो बराच दणकट. अट एकच, दर ६० हजार किमीला ऑइल आणि फिल्टर बदललेला पाहिजे. १ लाख १० हजाराच्या गाडीत हे एकदा तरी झालेलं असायलाच पाहिजे. नसेल तर ऑइल बदलायचा खर्च फार नाही, पण आतापर्यंत जुन्या ऑइलवर जे झिजलं ते परत येत नाही. ३२०डी चा झेडएफ गिअरबॉक्स हा माझ्या मते या दोन गाड्यांतला सर्वात चांगला पार्ट. बीएमडब्ल्यू म्हणते ऑइल लाइफटाइम आहे, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकीन. दोन्ही गाड्या चढावर, हळू ट्रॅफिकमधे, रिव्हर्समधे चालवून बघा. धुळ्याजवळ असाल तर लळिंगचा घाट आहेच, चाळीसगावकडे असाल तर कन्नडचा. सपाट हायवेवर सगळेच गिअरबॉक्स शहाणे असतात.

मीटर. बैलबाजारात मालक वय काहीही सांगो, घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, इथं पण तेच करायचं, आणि गाडीचे दात म्हणजे तिचे कॉम्प्युटर. मीटरचा आकडा मागे फिरवणं अवघड नाही, पण तो आकडा किंवा त्याच्याशी जुळणारी नोंद गाडीच्या आत एकापेक्षा जास्त ठिकाणी असते, बीएमडब्ल्यूत तर चावीतसुद्धा सर्व्हिसची माहिती साठते. चांगल्या स्कॅनरवाल्याला हजार-दोन हजार द्या आणि सगळे मॉड्यूल वाचून घ्या. ६२ हजार किमीची गाडी आणि स्टीअरिंगचं लेदर चकचकीत झिजलेलं, ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड चुरगळलेली, तर काहीतरी गडबड आहे भो. आणि जरी ६२ हजार खरे असले, तरी दहा-बारा वर्षांत ६२ हजार म्हणजे महिन्याला जेमतेम पाचशे किमी, शहरातलं, तुकड्या-तुकड्यात चाललेलं डिझेल. वर डीपीएफबद्दल काय सांगितलं ते आठवा. मला पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर पळालेले १ लाख १० हजार जास्त आवडतील, बिलं असतील तर.

स्कॅन करताना अजून एक विचारायचं, गाडी रिमॅप केलीये का, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय का. या दोन्ही गाड्यांवर पोरं स्टेज वन, म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, करून घेतात, पॉवर वाढते, मजा येते, पण टर्बो, क्लच, गिअरबॉक्स सगळ्यांवर ताण वाढतो आणि विकताना कोणी सांगत नाही. काही ठिकाणी ईजीआर बंद करतात, डीपीएफ आतून पोकळ करून टाकतात. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय परत बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात.

अपघात आणि पाणी. सगळ्या काचांवर कंपनीचा मार्क आणि वर्षाचा कोड असतो. सगळ्या २०१७ च्या आणि एकच नंतरची असेल तर विचारा काय झालं. पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन मिळतं, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, परत मारलेला २०० च्या वर, आणि आत पुट्टी असेल तर आकडा कुठल्या कुठं जातो. एखादा दरवाजा रंगवलेला चालतो, ओरखडे सगळ्यांनाच पडतात. पिलर, छत, बॉनेटखालची चेसिसची लांब पट्टी यावर मात्र परत रंग मारलेला नको. पाण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर भागात चिखलाची रेषा किंवा बुरशी दिसते. २०१९ मधे कोल्हापूर-सांगलीला पूर आला, २०२१ मधे चिपळूणला, तिथल्या बुडालेल्या गाड्या कुठं ना कुठं विकल्या गेल्याच असणार. ३२०डी ची बॅटरी डिकीत असते, तिथलं फ्लोअर उचलून गंज आणि ओल बघाच.

आता दिल्लीची गाडी स्वस्त का, ते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ मधे बंदीचा आदेश दिला, २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, पुढं त्यावर बरंच कोर्ट-कचेरी झालं, पण तोपर्यंत हजारो मालकांनी गाड्या पडत्या भावात बाहेर काढल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. पण ती जळगावला एमएच १९ किंवा धुळ्याला एमएच १८ करायची तर तिकडून एनओसी आणि इथं महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आपल्याकडे खाजगी डिझेल गाडीला टॅक्स किमतीनुसार १३, १४ आणि २० लाखाच्या वर १५ टक्के. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, पण हिशोबाचा पाया गाडीची मूळ किंमत असते, तुम्ही दिलेले बारा लाख नाही. आरटीओत जाऊन आधी आकडा काढा आणि मग तो गाडीच्या किमतीत मिळवा, बऱ्याच वेळा "स्वस्त" तिथंच संपतं. शिवाय रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, म्हणजे २०१४ ची गाडी २०२९ मधे फिटनेसला उभी राहणार, २०१७ ची २०३२ मधे. तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचाही हेच मोजणार. २०१० मधे औरंगाबादला एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा पेपरात केवढं गाजलं होतं, त्या गाड्यांचीही पंधरा वर्षं आता भरली.

टायर आणि वर्कशॉप, ही खान्देशासाठी फार मोठी गोष्ट आहे आणि शहरातले रिव्ह्यू यावर बोलत नाहीत. ३२०डी ला रन-फ्लॅट टायर येतात, पंक्चर झाल्यावरही ८० च्या स्पीडने साधारण ८० किमी जाता येतं, पण टायर महाग, कडक, आणि खड्ड्यात साइडवॉल कापला गेला तर संपलं. फ्लोअरखाली स्टेपनीची जागाच नाही, डिकीत ठेवली तर सामान कुठं ठेवणार. चोपड्याहून शिरपूरला रात्री निघालात आणि टायर फाटला तर तो साइज जवळपास मिळेल का याचा विचार करा. सुपर्बचे टायर साधे, कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात किंवा दोन दिवसात येतात. वर्कशॉपचं म्हणाल तर सर्वात जवळचं कंपनीचं कुठं आहे, नाशिक, संभाजीनगर, सुरत की इंदूर, हे फोन करून ठरवा, आणि फ्लॅटबेडवर गाडी तिथवर न्यायला किती घेतील तेही विचारा. कंपनीबाहेर काम करणारा, स्कॅनर असलेला आणि या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक गावात असेल तर मामला बराच सोपा. आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी.

मायलेजवरून मात्र भांडू नका. समजा एक १५ देते आणि दुसरी १६. वर्षाला १२ हजार किमी चालवलं तर ८०० लिटर आणि ७५० लिटर. ९० रुपयाने धरलं तरी फरक साडेचार हजार. एका इंजेक्टरपुढं हा आकडा काहीच नाही, तरी लोक अर्धा तास याच्यावरच बोलतात.

तर त्या दोन गाड्यांत मी? बिलं असलेली, बेल्ट आणि डीएसजी ऑइल झालेली सुपर्ब, डोळे झाकून नाही पण उघडे ठेवून नक्की. बिलं नसतील तर ती पण नाही. ३२०डी घ्यायचीच असेल, आणि चालवायची आवड असेल तर का घेऊ नये, तर महाराष्ट्र पासिंगची, २०१६ च्या पुढची बघा, तिच्यात नवीन इंजिन आलं, १९० एचपी आणि ४०० एनएमचं. थोडे पैसे जास्त जातील.

सौदा ठरला की टोकन द्यायच्या आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून कितवा मालक, लोन बाकी आहे का, चलान किती ते बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पेमेंट नाही, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. २०१९ एप्रिलच्या आधीची गाडी आहे म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.